स्तंभलेखकाने सत्तेच्या किती जवळ जावं? वॉल्टर लिपमन यांची कारकीर्द

१९६२च्या ऑक्टोबरात क्युबामध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, अमेरिकन नौदलाने त्या बेटाची कोंडी केली आणि दोन महासत्ता अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपल्या. २५ तारखेला अमेरिकेतल्या अनेक वर्तमानपत्रांत एक लेख छापून आला. क्युबातले सोव्हिएत क्षेपणास्त्रतळ आणि तुर्कस्तानातले अमेरिकन तळ यांची तुलना होऊ शकते, दोघांनी आपापले तळ मोडावेत आणि अब्रू राखून यातून बाहेर पडावं, असं त्यात सुचवलं होतं. दोनच दिवसांनी, २७ तारखेला, सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांचं जे पत्र जाहीर झालं त्यात हीच मागणी होती. हा लेख म्हणजे केनेडी सरकारनेच मुद्दाम सोडलेलं पिल्लू आहे, असा मॉस्कोचा समज झाला असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. त्या दिवशी रात्री राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूताला खासगीत शब्द दिला की तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काढून घेऊ. ती पुढे काही महिन्यांत निघालीही.

लेख लिहिणारे वॉल्टर लिपमन तेव्हा ७३ वर्षांचे होते. ते मंत्री नव्हते, राजदूत नव्हते, कधी निवडणुकीला उभे राहिले नव्हते. ते वर्तमानपत्रात सदर लिहीत होते. अशा माणसाच्या हजारभर शब्दांना एका महासत्तेने सरकारी इशारा समजावं, हे कसं घडतं? राजकीय स्तंभलेखन हा नेमका काय व्यवसाय आहे, त्याची ताकद कुठून येते आणि ती कुठे नासते, हे समजून घ्यायला लिपमन यांच्या कारकिर्दीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. एक तर ती कारकीर्द जवळजवळ साठ वर्षांची आहे. शिवाय वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात जग कसं तयार होतं, याचा सिद्धान्त मांडणारा माणूसच नियमित वर्तमानपत्रात लिहीत होता.

अग्रलेख, बातमी आणि स्तंभ

आधी व्यवसायाची रचना पाहू. बातमीदार काय घडलं ते सांगतो. अग्रलेख हा त्या वर्तमानपत्राचा आवाज असतो आणि बहुधा त्याखाली नाव नसतं. त्याची जबाबदारी संपादकाची. 'केसरी'तल्या लेखांसाठी १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावं लागलं, ते याच जबाबदारीपोटी. स्तंभ ही तिसरी गोष्ट. त्यावर लेखकाचं नाव असतं, तो ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी येतो आणि त्यातलं मत वर्तमानपत्राचं नसून त्या माणसाचं असतं.

अमेरिकेत विनोदी, साहित्यिक, गप्पाटप्पांची सदरं आधीपासून होती. राजकारणावर सही करून लिहिणारे डेव्हिड लॉरेन्स, मार्क सलिव्हन, फ्रँक केंट असे काही जणही होते. लिपमन यांनी ८ सप्टेंबर १९३१ रोजी 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये 'टुडे अँड टुमॉरो' हे सदर सुरू केलं तेव्हा लोकांना चकित करणारी बाब वेगळी होती. 'हेरल्ड ट्रिब्यून' हे रिपब्लिकन पक्षाचं, धनिकांचं, परंपरावादी वर्तमानपत्र. लिपमन तोवर ज्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या संपादकीय पानाचे प्रमुख होते ते उदारमतवादी, डेमोक्रॅट बाजूचं. 'वर्ल्ड' त्याच वर्षी फेब्रुवारीत बंद पडलं होतं. म्हणजे परंपरावादी मालकाने विरोधी मताच्या माणसाला आपल्या पानावर जागा दिली आणि हवं ते लिहिण्याची मोकळीकही दिली.

हे औदार्य होतं तसंच त्यामागे गणितही होतं, आणि ते गणित म्हणजे सिंडिकेट. एकच लेख मध्यवर्ती ठिकाणाहून देशभरच्या वर्तमानपत्रांना पाठवला जातो. ज्याला तो हवा असेल त्याने आपल्या खपाच्या प्रमाणात पैसे भरायचे. लिपमन यांचं सदर पुढे दोनशेहून जास्त वर्तमानपत्रांत येऊ लागलं. न्यूयॉर्कमधला वकील आणि कॅन्ससमधला व्यापारी एकाच सकाळी एकच युक्तिवाद वाचू लागला. लेखकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की त्याचा मालक एकच राहिला नाही. एखाद्या गावातल्या संपादकाने चिडून सदर बंद केलं तरी उरलेली वर्तमानपत्रं होतीच. आजच्या भाषेत ज्याला आपण लेखकाचं स्वातंत्र्य म्हणतो त्याच्या मुळाशी पुष्कळदा उत्पन्नाची अशी मांडणी असते. ती नसेल तर नुसत्या धैर्यावर माणूस फार दिवस टिकत नाही.

राजकारण्यांच्या दृष्टीनेही चित्र बदललं. दोनशे संपादकांना पटवत बसण्यापेक्षा या एका माणसाला चहाला बोलावणं सोपं होतं. लिपमन यांची शक्ती आणि त्यांच्यापुढचा मोह, दोन्ही इथूनच निघाले.

सदराच्या आधीची वीस वर्षं

लिपमन यांचा जन्म २३ सप्टेंबर १८८९चा, न्यूयॉर्कमधल्या सुखवस्तू जर्मन-ज्यू घराण्यातला. एकुलता एक मुलगा, उन्हाळ्यात युरोपच्या सहली, मग हार्वर्ड. तिथे विल्यम जेम्ससारख्या तत्त्वज्ञाने त्यांचा एक लेख वाचून स्वतः खोलीवर येऊन दार ठोठावलं. जॉर्ज सांतायाना यांच्या हाताखाली त्यांनी सहायक म्हणून काम केलं. त्या काळात ते समाजवादी होते, विद्यापीठात समाजवादी मंडळही काढलं होतं. १९१२ साली स्केनेक्टडी या औद्योगिक शहराच्या समाजवादी महापौरांचे सचिव म्हणून त्यांनी नोकरी धरली आणि काही महिन्यांतच सोडली. नगरपालिकेच्या रोजच्या कारभारात त्यांना आपलं तत्त्वज्ञान कुठे दिसेना.

पहिलं पुस्तक १९१३ साली आलं, दुसरं १९१४ साली. त्याच वर्षी हर्बर्ट क्रोली यांच्यासोबत त्यांनी 'न्यू रिपब्लिक' हे साप्ताहिक उभं केलं. वयाच्या पंचविशीत हा माणूस अमेरिकेच्या राजकीय चर्चेत स्थिरावला होता.

मग पहिलं महायुद्ध आलं. लिपमन युद्धमंत्र्यांचे सहायक झाले आणि तिथून एका गुप्त गटाचे चिटणीस. या गटाचं काम होतं युद्धानंतरच्या युरोपचे नकाशे आणि सीमा यांचा अभ्यास करणं. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी जानेवारी १९१८मध्ये जे प्रसिद्ध चौदा मुद्दे मांडले, त्यांतल्या प्रदेशविषयक मुद्द्यांचा कच्चा आराखडा या गटातून आला. पुढे लिपमन लष्करी गुप्तचर विभागात कॅप्टन म्हणून फ्रान्समध्ये गेले. जर्मन सैनिकांनी शरण यावं म्हणून खंदकांवर टाकायची पत्रकं लिहिणं हे तिथलं काम. शब्द वापरून माणसांच्या डोक्यात हवं ते चित्र कसं उभं करायचं, हे त्यांनी स्वतः करून पाहिलं.

व्हर्सायच्या तहात चौदा मुद्द्यांची जी वासलात लागली ती पाहून ते हादरले. 'न्यू रिपब्लिक'ने तहाला विरोध केला. पण लिपमन यांना छळणारा प्रश्न आणखी खोल होता. युद्धाबद्दल, क्रांतीबद्दल, शत्रूबद्दल लोकांना जे 'माहीत' होतं ते मुळात किती खरं होतं?

डोक्यातली चित्रं

उत्तर शोधायला त्यांनी एक साधा पण चिकाटीचा मार्ग धरला. चार्ल्स मर्झ या सहकाऱ्यासोबत त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मार्च १९१७ ते मार्च १९२० या तीन वर्षांतले अंक काढले आणि रशियन क्रांतीबद्दलची प्रत्येक बातमी तपासली. ऑगस्ट १९२०मध्ये 'न्यू रिपब्लिक'च्या पुरवणीत ही तपासणी छापली गेली. बोल्शेविक राजवट कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असं त्या वर्तमानपत्राने ९१ वेळा सांगितलं होतं. लेनिन आणि ट्रॉट्स्की पळून जायच्या तयारीत आहेत असं चार वेळा आणि पळून गेलेच असं तीन वेळा. लेनिन यांना तीनदा तुरुंगात टाकलं होतं, एकदा मारलंही होतं. प्रत्यक्षात लेनिन जिवंत होते आणि राजवटही उभी होती.

या अभ्यासाचा निष्कर्ष मला आजही थक्क करतो, कारण त्यात कुणावर कटाचा आरोप नाही. बातमीदार विकले गेले होते असं लिपमन आणि मर्झ म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की बातमीदार आणि संपादक यांना बोल्शेविक पडावेत असं मनापासून वाटत होतं, म्हणून ते पडताना दिसत होते. गंमत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो: हेच मर्झ पुढे त्याच 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या संपादकीय पानाचे प्रमुख झाले.

दोन वर्षांनी, १९२२ साली, लिपमन यांचं 'पब्लिक ओपिनियन' हे पुस्तक आलं. त्यांची सदरं आज फक्त अभ्यासक वाचतात. हे पुस्तक मात्र शंभर वर्षांनंतरही पत्रकारितेच्या वर्गात वाचलं जातं. त्याची सुरुवात एका बेटापासून होते. त्या बेटावर इंग्रज, फ्रेंच आणि जर्मन गुण्यागोविंदाने राहतात आणि टपालाची बोट साठ दिवसांतून एकदा येते. १९१४च्या सप्टेंबरात बोट येते आणि तिच्यासोबत बातमी, की सहा आठवड्यांहून जास्त काळ इंग्रज-फ्रेंच आणि जर्मन यांच्यात युद्ध चालू आहे. म्हणजे हे शेजारी एकमेकांचे शत्रू होते आणि मित्रासारखे वागत होते.

लिपमन यांचा मुद्दा असा की आपण सगळेच कमीअधिक प्रमाणात त्या बेटावर राहतो. जग फार मोठं आहे, गुंतागुंतीचं आहे, आणि त्यातलं बहुतेक सगळं आपल्या नजरेआड घडतं. आपण प्रत्यक्ष जगाला प्रतिसाद देत नाही. आपल्या डोक्यात जगाचं जे चित्र असतं त्याला देतो. आणि ते चित्र रिकाम्या पाटीवर उमटत नाही. आधीपासून तयार साचे असतात: असा दिसतो तो गुंड, अशी बोलते ती अडाणी, हा समाज कंजूष, तो समाज भांडखोर. आपण आधी पाहतो आणि मग ठरवतो असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा आधी ठरलेलं असतं आणि मग तेवढंच दिसतं. आज 'स्टिरिओटाइप' हा शब्द आपण ज्या अर्थाने सहज वापरतो, तो अर्थ मुख्यतः या पुस्तकामुळे रूढ झाला.

पुस्तकातला दुसरा धागा माझ्या मते याहून महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे कमी लक्ष जातं. लिपमन म्हणतात, बातमी आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहीतरी घडलं असा इशारा देणं एवढंच बातमीचं काम. दडलेली तथ्यं उजेडात आणून त्यांचा एकमेकांशी संबंध लावणं हे सत्याचं काम. आणि बातमी कुठे जन्मते? जिथे घटनेची नोंद होते तिथे. कोर्टात दावा दाखल होतो, संप सुरू होतो, दिवाळं निघतं, मृत्यूची नोंद होते, की बातमी तयार. त्याआधी वर्षानुवर्षं जे हळूहळू साचत असतं त्याला नोंदीची जागा नसते, म्हणून बातमीतही जागा नसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आठवून पाहा. विहिरीचं पाणी खाली जाणं, सावकाराचं व्याज चढणं, बियाणं-खतांचा खर्च वाढत जाणं, मुलीचं लग्न पुढे ढकललं जाणं, यांतली कुठलीच गोष्ट एका विशिष्ट तारखेला घडत नाही. पंचनामा मात्र तारखेनिशी होतो. म्हणून छापून येतो तो पंचनामा.

मग यावर उपाय काय? इथे लिपमन वादग्रस्त होतात. सामान्य नागरिकाला पोट भरायचं असतं, संसार असतो. परराष्ट्र धोरणापासून चलनव्यवस्थेपर्यंत सगळ्यावर माहितीपूर्ण मत बनवायला त्याला वेळ कुठून मिळणार, असा त्यांचा सवाल होता. तेव्हा तज्ज्ञांच्या स्वतंत्र संस्थांनी तथ्यं गोळा करावीत आणि राज्यकर्त्यांनी त्यांच्या आधारे निर्णय घ्यावेत. १९२५ साली आलेल्या 'द फँटम पब्लिक'मध्ये ते आणखी पुढे गेले: सर्वज्ञ, सार्वभौम जनता हे एक भूत आहे, तिने फार तर अधूनमधून या किंवा त्या बाजूला वजन टाकावं.

तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी लिपमन यांचं निदान मान्य केलं, औषध नाकारलं. बूट कसा दुरुस्त करायचा हे चांभाराला चांगलं कळतं, पण तो कुठे चावतो हे घालणाऱ्यालाच कळतं, असं त्यांचं उत्तर होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंचे विद्यार्थी होते, हे आपण जाणतो. लोकशाही ही फक्त राज्य चालवण्याची पद्धत नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार आंबेडकरांच्या लेखनात ठळक दिसतो. ज्यांना शतकानुशतकं 'तुम्हाला काय कळतं' असं सांगितलं गेलं, त्यांच्या बाजूने उभं राहिलं की लिपमन यांच्या मांडणीतली उणीव लख्ख दिसते. या वादात मी ड्यूईंच्या बाजूचा आहे. पण निदान मात्र लिपमन यांचंच खरं मानतो.

रोजचं काम

या सिद्धान्तातून लिपमन यांनी स्वतःसाठी एक भूमिका बेतली. तज्ज्ञ आणि नागरिक यांच्यामधला दुवा म्हणजे स्तंभलेखक. सत्तराव्या वाढदिवशी, १९५९ साली, वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये त्यांनी हे स्पष्ट केलं. आशय असा: सार्वभौम नागरिकाने जे करायला हवं, पण ज्यासाठी त्याला वेळ किंवा आवड नसते, ते आम्ही त्याच्यासाठी करतो. घडामोडी जाणून घेतो, त्यांवरून तर्क करतो, पडद्याआड काय चाललं असेल याची कल्पना करतो.

सकाळ वाचण्या-लिहिण्याची, दुपारनंतरचा वेळ माणसांना भेटण्याचा. सदर सुरुवातीला आठवड्यातून चारदा, पुढे कमी वेळा. छत्तीस वर्षांत सुमारे चार हजार लेख झाले. उन्हाळ्यात मेनच्या किनाऱ्यावर मुक्काम, वर्षातून युरोपचा दौरा. पुस्तकं या सगळ्याच्या बरोबरीने चालू: नीतिविचारावर, अर्थव्यवस्थेवर, परराष्ट्र धोरणावर. काही पुस्तकं सदरातूनच निघाली, काही सदराला कंटाळून. आपल्याकडे गोविंद तळवलकरांसारख्या संपादकांनी रोजच्या अग्रलेखांच्या जोडीला मोठे ग्रंथ लिहिले, त्याची आठवण व्हावी अशी ही जोडकारकीर्द होती. लेखनाची शैली संथ आणि आवाज न चढवता बोलणारी. वाचकाला वाटायचं, हा माणूस चिडलेला नाही, अर्थी बरोबर असणार. या शांतपणातही एक धोका होता.

साच्यात अडकलेला साचेतज्ज्ञ

जानेवारी १९३२मध्ये लिपमन यांनी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याबद्दल लिहिलं की हा एक भला माणूस आहे, राष्ट्राध्यक्ष होण्याची खास पात्रता अंगी नसताना त्याला राष्ट्राध्यक्ष व्हायची फार इच्छा आहे. अमेरिकन स्तंभलेखनातल्या गाजलेल्या चुकांमध्ये हे वाक्य वर आहे. पण ही चूक निरुपद्रवी. वर्षभरातच त्यांचं मत बदललं, पुढे पुन्हा बदललं.

मे १९३३ची चूक तशी नाही. हिटलरने शांततेची भाषा वापरत एक भाषण केलं आणि लिपमन यांना त्यात एका सुसंस्कृत राष्ट्राचा अस्सल आवाज ऐकू आला. त्यांनी तसं छापलं. जर्मनीत ज्यूंवर बहिष्कार सुरू झाला होता, पुस्तकं जाळली जात होती. लिपमन स्वतः ज्यू कुटुंबातले. त्यांचे मित्र फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी या लेखानंतर कित्येक वर्षं त्यांच्याशी संबंध ठेवला नाही. मला हे फार वेदनादायक वाटतं. ज्या मुद्द्यावर आपलं आयुष्य सगळ्यात जवळून जोडलेलं आहे त्याच मुद्द्यावर तटस्थ दिसण्याची धडपड माणसाला कुठे नेऊ शकते, ते इथे दिसतं.

आणि मग १२ फेब्रुवारी १९४२. जपानने पर्ल हार्बरवर केलेल्या हल्ल्याला दोन महिने झाले होते. लिपमन पश्चिम किनाऱ्यावर गेले, तिथल्या अधिकाऱ्यांना भेटले. त्यांत कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल अर्ल वॉरन होते. तिथून त्यांनी सदर पाठवलं: किनाऱ्यावर आतून आणि बाहेरून एकाच वेळी हल्ल्याचा धोका आहे. मग आजवर घातपात का झाला नाही? लिपमन यांचं उत्तर असं की घातपात न होणं ही निश्चिंत होण्याची बाब नाही. वार नीट आखलेला आहे आणि योग्य वेळेसाठी राखून ठेवला आहे, याचीच ती खूण आहे.

हा युक्तिवाद दोनदा वाचावा. घातपात झाला असता तर गुन्हा सिद्ध होता. झाला नाही, तर तोही पुरावाच. आरोपीला, म्हणजे किनाऱ्यावर राहणाऱ्या जपानी वंशाच्या माणसांना, सुटायला वाटच नाही. पुरावा साच्यात कसा बसवला जातो हे वीस वर्षांपूर्वी जगाला शिकवणाऱ्या माणसाने हे लिहिलं. चारच दिवसांनी वेस्टब्रूक पेग्लर या आक्रस्ताळ्या स्तंभलेखकाने लिपमन यांचा हवाला देऊन सगळ्या जपान्यांना पहाऱ्यात ठेवा अशी मागणी केली. लिपमन हा जबाबदारीने बोलणारा माणूस आहे, हा पेग्लरचा आधार होता. संथ, सभ्य शैलीने आक्रस्ताळ्याला प्रतिष्ठा पुरवली. १९ फेब्रुवारीला रूझवेल्ट यांनी आदेशावर सही केली. सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरदार, शेती, दुकानं सोडून काटेरी कुंपणाआडच्या छावण्यांत जावं लागलं. त्यांतले जवळपास दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्यापैकी कुणी हेरगिरी किंवा घातपात केल्याचा पुरावा नाही, असं सरकारी आयोगाने १९८०च्या दशकात नोंदवलं आणि १९८८ साली कायदा करून अमेरिकेने माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले.

तो आदेश एका लेखामुळे निघाला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. लष्करी अधिकारी, स्थानिक राजकारणी, जपानी शेतकऱ्यांच्या जमिनींवर डोळा असलेले गट, सगळे आधीपासून जोर लावत होते. पण लिपमन ज्यांना भेटले ती सगळी माणसं एकाच बाजूची होती. छावणीत जाणाऱ्या एकाही कुटुंबाचं म्हणणं त्या लेखात नाही. उच्चपदस्थांना भेटून मिळणारी माहिती ही आतली असते, पण ती एकाच खिडकीतून दिसणारी असते.

दुहेरी भूमिका

सत्तेच्या जवळ जाण्याचं दुसरं टोक म्हणजे सत्तेत हात घालणं. लिपमन यांनी ते अनेकदा केलं आणि वाचकांना सांगितलं नाही. जानेवारी १९४५मध्ये सिनेटर आर्थर व्हँडनबर्ग यांनी अलिप्ततावाद (अमेरिकेने बाहेरच्या जगाच्या भानगडींपासून दूर राहावं हा विचार) सोडणारं जे ऐतिहासिक भाषण केलं, त्याच्या मसुद्यात लिपमन यांचा हात होता. १९६१ साली केनेडी यांच्या शपथविधीच्या भाषणाचा मसुदा लिपमन यांना आधी दाखवण्यात आला. सोव्हिएत संघासाठी 'शत्रू'ऐवजी 'प्रतिस्पर्धी' असा शब्द घाला ही त्यांची सूचना स्वीकारली गेली. नंतर सदरात त्यांनी त्या भाषणाची स्तुती केली.

सूचना चांगली होती, याबद्दल वाद नाही. पण ज्या भाषणात आपण हात घातला त्याचं कौतुक करताना वाचकाला ते न सांगणं ही फसवणूक आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. आज अनेक वर्तमानपत्रं स्तंभलेखकाकडून असे संबंध लेखाखाली जाहीर करण्याची अपेक्षा ठेवतात. ती अपेक्षा उगाच निर्माण झालेली नाही. रोनाल्ड स्टील यांनी १९८० साली लिपमन यांचं चरित्र प्रसिद्ध केलं तेव्हा यातल्या पुष्कळ गोष्टी सविस्तर बाहेर आल्या. वाचकांना त्या वीस-पस्तीस वर्षं उशिरा कळल्या.

विशेष म्हणजे पत्रकार आणि सत्ताधारी यांच्यात अंतर हवं, हे लिपमन स्वतःच सांगत. भिंत नको, कुंपण नको, पण मध्ये हवा खेळती राहील एवढी जागा हवी, असं ते म्हणत. त्यांना नियम ठाऊक होता.

जेव्हा ते सगळ्यांच्या विरोधात गेले

मग या माणसाला मोठं का म्हणायचं? माझं उत्तर दोन सालांत आहे: १९४७ आणि १९६५.

१९४७च्या जुलैमध्ये एका परराष्ट्रविषयक नियतकालिकात 'एक्स' या टोपणनावाने एक लेख आला. लेखक होते जॉर्ज केनन, परराष्ट्र खात्यातले अधिकारी. सोव्हिएत विस्ताराला जिथे तो डोकं वर काढेल तिथे रोखून धरायचं, असं धोरण त्यात मांडलेलं होतं. वॉशिंग्टनमध्ये त्याचं स्वागत झालं. लिपमन यांनी त्याविरुद्ध लेखमाला लिहिली. तिचं 'द कोल्ड वॉर' हे छोटं पुस्तक झालं आणि 'शीतयुद्ध' ही संज्ञा जगभर रुळायला त्याचा मोठा हातभार लागला.

त्यांचा युक्तिवाद सोप्या शब्दांत असा. जगात सगळीकडे सगळ्या वेळी रोखायचं म्हटलं तर रणांगण कुठलं आणि वेळ कुठली हे शत्रू ठरवणार. अमेरिकेचं सैन्य एवढ्या ठिकाणी पुरणार नाही, म्हणून युरेशियाच्या काठाकाठाने दुबळी सरकारं, हुकूमशहा, टोळ्या यांना पैसे आणि शस्त्रं देऊन उभं करावं लागेल. ही सरकारं आपल्या फायद्यासाठी संकटं निर्माण करतील आणि अमेरिकेला म्हणतील, आता वाचवा. अमेरिकेपुढे दोनच पर्याय उरतील: त्यांना वाऱ्यावर सोडून नामुष्की पत्करायची, नाहीतर न मागितलेल्या युद्धात उतरायचं. त्याऐवजी दोन्ही बाजूंची सैन्यं युरोपातून मागे घेण्यासाठी वाटाघाटी करा, असं त्यांनी सुचवलं.

गंभीरपणे विचार करा, हे १९४७ साली लिहिलेलं आहे. तेव्हा व्हिएतनाम हे नाव सर्वसामान्य अमेरिकन वाचकाच्या कानावरही आलं नव्हतं. या लेखमालेत कुठलीही गुप्त माहिती नव्हती. होता तो नकाशा, इतिहास आणि कागदावर जुळवलेला हिशेब: उद्दिष्टं किती आणि ती गाठायला हाताशी बळ किती. स्तंभलेखन सर्वोत्तम असतं तेव्हा ते असंच असतं, असं माझं ठाम मत आहे. केनन यांनी पुढे म्हटलं की आपल्या लेखाचा जो लष्करी अर्थ लावला गेला तो आपल्याला अभिप्रेत नव्हता. लिपमन यांच्या पुष्कळशा म्हणण्याशी ते सहमत होते.

अठरा वर्षांनी तो हिशेब समोर आला. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी लिपमन यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. व्हाइट हाउसला बोलावणी, सल्लामसलत, सगळं सुरू होतं. लिपमन व्हिएतनाममधल्या युद्धाला विरोध करत होते, पण जॉन्सन यांना वाटाघाटी हव्या आहेत असा त्यांचा विश्वास होता. एप्रिल १९६५मध्ये बाल्टिमोरच्या भाषणात जॉन्सन यांनी विनाअट चर्चेची तयारी दाखवली. त्या भाषणाचा मसुदाही लिपमन यांना आधी दाखवला गेला होता. बॉम्बफेक मात्र थांबली नाही, आणि जुलैत जॉन्सन यांनी तिथलं सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेण्याची घोषणा केली.

आपल्याला खेळवलं गेलं हे लिपमन यांच्या लक्षात आलं. पंचाहत्तरी गाठलेल्या, सन्मानपदक मिळालेल्या माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती. थोडं सौम्य लिहिलं असतं तरी आमंत्रणं चालू राहिली असती. त्यांनी उलट केलं. आशियाच्या भूमीवरचं हे युद्ध जिंकता येणार नाही आणि अमेरिकेच्या हिताचंही नाही, हे ते लेखामागून लेखात सांगत राहिले, पुढे पुढे तर थेट जॉन्सन यांना लक्ष्य करून. सरकारातल्या जुन्या मित्रांनी पाठ फिरवली. ज्या 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये तेव्हा त्यांचं सदर येत होतं, त्याचा अग्रलेख युद्धाच्या बाजूने होता. सही असलेला स्तंभ आणि सही नसलेला अग्रलेख एकाच वर्तमानपत्रात समोरासमोर उभे राहिले. १९३१ साली सुरू झालेली ती व्यवस्था इथे खरी कामाला आली.

मे १९६७मध्ये त्यांनी 'टुडे अँड टुमॉरो' थांबवलं, वॉशिंग्टनचं घर सोडलं आणि ते न्यूयॉर्कला परतले. 'न्यूजवीक'मध्ये ते अधूनमधून १९७१पर्यंत लिहीत होते. १४ डिसेंबर १९७४ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांची कागदपत्रं येल विद्यापीठात आहेत. १९४२चा तो लेख आणि १९४७ची लेखमाला शेजारी ठेवून वाचली की एक फरक लगेच डोळ्यांत भरतो: पहिल्यामागे किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांच्या भेटीगाठी आहेत, दुसरीमागे एक छापील लेख, एक नकाशा आणि काही आठवड्यांचा एकांत.